दोष पेन्सिलीला कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात आमच्याच जिल्ह्यातल्या एका पालकांचं पत्र वाचलं. बारावीतल्या मुलाने कॉम्प्युटरचा वेग वाढवायच्या नादात मदरबोर्ड जाळला, तेव्हा ओव्हरक्लॉकिंगचे उपद्व्याप शिकवणारे व्हिडिओ बंद करा आणि शाळांनी पालकसभेत ताकीद द्या, असा पत्राचा सूर होता. त्यांचा संताप मला कळतो. असे संतापलेले बाप महिन्यातून एकदा तरी माझ्या टेबलापुढे उभे असतात. वेंगुर्ल्यात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर १९९९ पासून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पण त्या अख्ख्या पत्रात मला हवी होती ती एक गोष्ट नव्हती. बोर्ड जळाला म्हणजे नेमका कुठे जळाला? प्रोसेसर, म्हणजे मुख्य चिप, बसते त्या सॉकेटपाशी, पॉवरच्या कॉइलपाशी की मागच्या पोर्टांच्या रांगेत? वैद्य नाडी बघितल्याशिवाय मात्रा उगाळत नाही, आणि इथे तर थेट पथ्य जाहीर झालं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मदरबोर्ड प्रोसेसरला एक ठेका देतो आणि प्रोसेसर त्या ठेक्याला ठरलेल्या आकड्याने गुणून आपला वेग काढतो. भजनात टाळ एका लयीत चालतात आणि पखवाजवाला त्याच लयीत दुगुन-चौगुन वाजवतो, तसं. ठेका वाढवा नाहीतर गुणक वाढवा, वेग वाढतो. हे जमतं, कारण एकाच घाण्यातून निघालेल्या चिपांवर कंपनी वेगवेगळे आकडे छापते. हापूसची प्रतवारी करताना दोन नंबरच्या पेट्यांना गिऱ्हाईक जास्त असलं की एक नंबरचं फळही तिकडे जातं, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा तसला आंबा. ठेका ६६ मेगाहर्ट्झचा, गुणक साडेचार, वेग ३००. ठेका १०० केला की झाले ४५०, म्हणजे त्या वेळच्या सगळ्यात महागड्या पेंटियम टूच्या पंगतीला. ज्या बोर्डावर ठेका बदलायची सोय नसे, तिथे प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये जाणाऱ्या पट्टीवरचा बी२१ नावाचा एक संपर्क झाकायचा. सेलोटेपची बारीक चिंधी किंवा नेलपॉलिशचा एक ठिपका. बोर्डाची समजूत व्हायची की हा प्रोसेसर १०० च्या ठेक्याचाच आहे. ही युक्ती मला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका पोऱ्याने चहा पिता पिता सांगितली. तेव्हा माल आणायला मी कुडाळहून रात्रीची कोकणकन्या पकडायचो आणि दुसऱ्या रात्री परतायचो. नेलपॉलिश बहिणीची, मोतिया रंगाची. ती बाटली अजून दुकानात आहे, बहीण अजून मागते.

मग २००१ च्या मे महिन्यात इंटेलच्या स्पर्धक एएमडी कंपनीचा ड्युरॉन ६०० हा प्रोसेसर हातात आला. त्याच्या माथ्यावर, मधल्या उघड्या चिपेच्या बाजूला, एल१ असं लिहिलेले सोनेरी ठिपक्यांचे चार जोड होते. कारखान्यात लेसरने त्यांच्यामधली वाट तोडलेली असायची, म्हणजे गुणकाला कुलूप. ठिपका ठिपक्याला जोडला की कुलूप उघडलं. जोडायचं कशाने, तर पेन्सिलीने. ग्रॅफाइटमधून वीज वाहते हे दहावीच्या पुस्तकात वाचलं होतं, पण त्याचा असा उपयोग होईल असं आमच्या सरांच्याही मनात आलं नसेल. अप्सराची ड्रॉइंगची मऊ पेन्सिल घेतली, टोक तासून बारीक केलं, भिंगाखाली चार रेघा मारल्या, शेजारच्या जोडाकडे गेलेली भुकटी टाचणीने खरवडली. बोर्डावर गुणक सहाचा नऊ केला. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर ९०० आले.

माझे वडील बंदरावर लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचे. ते मागे उभे होते. म्हणाले, "पेन्सिलीन कॉम्प्युटर चलता होय? माका शेंडी लावू नको." मी रेघ दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि गप्प झाले. त्यांना हा प्रकार लगेच उमगला, कारण डिझेल पंपाचा शिशाचा सील तोडून स्क्रू थोडा पिळून द्या म्हणणारे तांडेल त्यांच्याकडे रोज यायचे. थोड्या वेळाने म्हणाले, "स्क्रू कोणय पिळता. पाणी किती तापलां ता बघूक व्हया."

ओव्हरक्लॉकिंगवर मी पुढे पुष्कळ वाचलं, पण या वाक्यापलीकडे फारसं काही सापडलं नाही. चिप किती तापणार याचा हिशोब सोपा आहे. वेग जितक्या पटीने वाढेल तितक्या पटीने वीज खाणं वाढतं, आणि व्होल्टेज वाढवलं तर त्याच्या वर्गाच्या पटीने. माझा ड्युरॉन ९०० वर अडखळत होता म्हणून मी व्होल्टेज १.६ चं १.७५ केलं. दीडपट वेग, गुणिले १.७५ भागिले १.६ चा वर्ग. उत्तर येतं सुमारे १.८. वेग दीडपट मिळाला, उष्णता पावणेदोन पटीच्याही वर गेली. चिपेची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक होता तोच. मे महिन्यातली आमची पत्र्याची खोली होती तीच. तेव्हा मी ८५० वर उतरलो, व्होल्टेज जागेवर आणलं, आणि ते मशीन २००८ पर्यंत दुकानाची बिलं छापत होतं. मध्ये एकदा चिप आणि हीटसिंकमधला लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, बदलताना कापडाने रेघ पुसली गेली आणि स्वारी मुकाट ६०० वर आली. पुन्हा पेन्सिल काढली.

माझ्या हातून काही जळलं नाही असं नाही. २००२ साली एका फोटो स्टुडिओवाल्याचा अॅथलॉन, एएमडीचाच प्रोसेसर, वेगात चढवायला घेतला. त्या काळी हीटसिंकची क्लिप सॉकेटच्या दातात अडकवायला चपटा स्क्रूड्रायव्हर लावून जोर द्यावा लागायचा. स्क्रूड्रायव्हर सटकला आणि बोर्डावरच्या केसाएवढ्या तारा कापत गेला. वर घाईत हीटसिंक तिरका बसला होता, तसंच बटण दाबलं. त्या पिढीच्या अॅथलॉनला तापल्यावर आपणहून बंद होण्याची अक्कल नव्हती. काही सेकंदांत वास आला. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही मी भरून दिले. यात दोष ओव्हरक्लॉकिंगचा किती आणि माझ्या घाईचा किती, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं.

आता मुद्द्यावर येतो. पंचवीस वर्षांत माझ्या टेबलावर मेलेले जे बोर्ड आले, त्यांतले ओव्हरक्लॉकिंगने मेलेले मी बोटांवर मोजून दाखवतो. बाकीचे कोकणाने मारले. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मीठ येतं आणि पंख्याच्या हवेतून बोर्डावर बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं आणि त्याचं खारं पाणी होतं. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत जूनमध्ये काय होतं ते प्रत्येक घरात माहीत आहे. तेच मदरबोर्डवर होतं. आपण शटडाउन करून झोपतो, पण भिंतीवरचं बटण चालूच असतं. बोर्डावर तेव्हाही पाच व्होल्ट जागे असतात. खारं पाणी आणि वीज एकत्र आली की तांबं खायला लागतं. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तसे नेटची तार लावायच्या लॅन पोर्टाखालचे सांधे हिरवे होतात. यावर लोक काय करतात, तर कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं झाकण घालतात आणि मुलं पुण्याला गेली म्हणून जून ते सप्टेंबर उघडतच नाहीत. रोज तासभर चालवलेलं मशीन आतल्या उबेने सुकं राहतं, झाकलेलं कुजतं.

दुसरं अर्थिंग. जांभ्यात मारलेला अर्थिंगचा पाइप पावसात बरा असतो, मे महिन्यात जमीन सुकली की नावापुरता उरतो. कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावल्यावर मुंग्या येतात ना, त्या त्यामुळेच. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटवर जवळजवळ निम्म्या मेन्सचं व्होल्टेज उभं राहतं. करंट इवलासा असतो म्हणून माणूस वाचतो, पण त्याच अवस्थेत उघड्या बोर्डाला बोटं लावणारा मुलगा बोर्ड मारू शकतो. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात त्यात आठवड्याला दोन कळश्या पाणी ओता, एवढं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. ऐकतं कोण? वळवाच्या विजांबद्दल तर बोलायलाच नको. प्लग काढतात आणि इंटरनेटची तांब्याची तार तशीच ठेवतात. आणि पाली. पॉवर सप्लायच्या उबेला पाल शिरते, दोन टोकांना चिकटते, दोघांचाही शेवट होतो.

गेल्याच पावसाळ्यात एक मुलगा असाच बोर्ड घेऊन आला, मागे वडील. "ह्याने काहीतरी सेटिंग केलं" म्हणून वडील तावातावाने बोलत होते. मी उघडला. सॉकेट स्वच्छ, पेस्ट नीट लावलेली, अगदी माझ्यापेक्षा नीट. मागची पोर्टांची रांग हिरवीगार. टेबल कुठे ठेवलंय विचारलं, तर खाडीकडच्या खिडकीला लागून. मुलाने वेग वाढवला होता शंभर मेगाहर्ट्झने. आता आजच्या प्रोसेसरला त्याचं काहीच नसतं. तापला तर तो आपणहून वेग उतरवतो, आणखी तापला तर बंद होतो. इंटेलच्या बहुतेक चिपांचा गुणक तर कुलूपबंदच, नावापुढे के असेल तरच मोकळा. ज्या मोकळ्या आहेत त्यांतही कंपनीने बूस्टच्या नावाखाली होता तेवढा रस आधीच काढलेला. आम्ही ३०० चे ४५० करायचो ते दिवस गेले. पोरांच्या वाट्याला चोथा आलाय, हे मला त्यांचं वाईट वाटतं.

तरी धोका नाही असं मी लिहिणार नाही. व्होल्टेज हा खरा धोका आहे. वेग जास्त झाला तर मशीन अडकतं, रीसेट केलं की परत येतं. व्होल्टेज जास्त झालं तर चिप आतून झिजते आणि एक दिवस जुन्या वेगावरही टिकत नाही, तशी चिप घेऊन एक मुलगा माझ्याकडे येऊन गेला आहे. दुसरा धोका स्वस्त पॉवर सप्लाय. डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं आणि हातात घेतला की रिकाम्या नारळासारखा हलका लागतो. तिसरा प्रकार खास आपल्याकडचा. एकाने व्हिडिओ बघून प्रोसेसर थंड करायला पाण्याच्या नळीत बर्फाचं पाणी फिरवलं. जिथे हवा कोरडी आहे तिथे ते चालत असेल. जुलैत आमच्याकडे २५ अंशांच्या आसपासच हवेला दव सुटतं, मग बर्फाच्या नळीला घाम न फुटून काय होणार? सॉकेटात थेंब टपकले. व्हिडिओ करणाऱ्याने वेंगुर्ल्याचा पाऊस बघितला नव्हता, एवढाच त्याचा दोष.

म्हणून माझी विनंती पालकांच्या नेमकी उलट आहे. मुलांना हे करू द्या, पण घरच्या नव्या मशीनवर नको. तालुक्यातल्या पतसंस्था आणि कचेऱ्यांच्या माळ्यांवर इंटेलच्या जुन्या कोर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळातली मशीनं धूळ खात पडली आहेत. ती शाळांना द्या. त्या काळचा ई६३०० हा प्रोसेसर २६६ च्या ठेक्यावर सातपटीने चालतो, १.८६ गिगाहर्ट्झ. तळाच्या संपर्काच्या एका ठरावीक टिकलीवर टेपचा तुकडा लावला की चांगल्या बोर्डावर ठेका ३३३ होतो आणि वेग २.३३. सर्व्हरमधून निघालेला झिऑन ई५४५० त्याच सॉकेटात बसवता येतो. ७७१ टिकल्यांचा प्रोसेसर ७७५ च्या सॉकेटात. दोन टिकल्यांची अदलाबदल करणारा नखाएवढा स्टिकर लावायचा, सॉकेटातल्या प्लास्टिकच्या दोन खुणा पात्याने छाटायच्या, आणि चार कोर मिळतात. तो ८० वॅट खातो, तेव्हा स्वस्त बोर्डाच्या पॉवरच्या बाजूला बोट लावून बघायचं, चटका बसतो का. बोर्ड गेला तर गेला, भंगाराचाच होता. गुणाकार, वर्ग, विजेचा रोध, उष्णता हे सगळं त्या एका दुपारी मुलाच्या हाताखालून जातं.

ज्या पालकांचं पत्र होतं, त्यांनी तो जळलेला बोर्ड टाकून दिला नसेल तर मुलाबरोबर माझ्याकडे पाठवावा. कुठे जळाला ते बघू. पैसे नकोत. गुरुवारी दुकान बंद असतं, आणि येताना बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत नको, वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. पिशवीत घाम धरतो.

आपला,
एक दुरुस्तीवाला, वेंगुर्ले

(नाव छापू नये. आमच्या रस्त्याला कॉम्प्युटरची दोनच दुकानं आहेत, त्यातल्या दुसऱ्याला नेलपॉलिश माहीत नाही. ओळखायचं ते ओळखतील.)