रंगावर जाऊ नका, माशाचा स्वभाव बघा

मा. संपादक,

आपल्या पुरवणीत घरगुती मरीन टँकवर, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीवर, आलेला मजकूर वाचला. फोटो देखणे होते. पण त्यातल्या एका फोटोत निळा टँग व पफर हे मासे आणि कोळंबी एकत्र दिसतात. ते पाहून कोणी तशीच खरेदी केली, तर कोळंबी लवकरच पफरच्या पोटात जाईल. मिरजेतल्या दवाखान्यांच्या वेटिंग रूमपासून सांगलीतल्या विश्रामबागच्या बंगल्यांपर्यंत हल्ली असे टँक दिसू लागले आहेत. दुकानात मासा रंगावर खपतो, घरी आणल्यावर मात्र गाठ त्याच्या स्वभावाशी पडते. क्लाउनफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. म्हणून हे थोडं सविस्तर.

आधी कायद्याचं. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, घातले गेले. प्रवाळाचा मेलेला तुकडाही शोभेचा दगड म्हणून घेऊ नये. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड मिळतात, माशांना लपायला ते पुरतात. सिमेंटचे असतील तर काही आठवडे पाणी बदलत भिजत ठेवावेत आणि पीएच उतरल्यावरच वापरावेत.

३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये काठोकाठ १९० लिटर पाणी बसतं. दगड-वाळू वजा जाता दीडशेच्या आसपास उरतं. एवढ्यात पाच-सहा लहान मासे, त्यापुढे नाही. मग ते पाच-सहा असे निवडावेत की प्रत्येकाची जागा वेगळी असेल: एक तळाचा, एक कपारीतला, एक दगडावर बसणारा, दोन मोकळ्या पाण्यातले.

तळासाठी पिवळा वॉचमन गोबी हा मासा आणि टायगर पिस्टल श्रिम्प ही बीळ खोदणारी कोळंबी, ही जोडी घ्यावी. आमच्या मते लहान टँकमध्ये इतकं बघण्यासारखं दुसरं काही नाही. श्रिम्पला नीट दिसत नाही. तो बीळ खोदतो, वाळू ढकलत बाहेर आणतो आणि बाहेर असेपर्यंत त्याची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा करतो. धोका वाटला की शेपटी थरथरवतो आणि श्रिम्प क्षणात आत. मात्र यासाठी तळाला २ ते ३ इंच वाळू हवी आणि तीही मिश्र: बारीक अ‍ॅरॅगोनाइट म्हणजे चुनखडीच्या वाळूत शंख-शिंपल्यांचा ३ ते १० मिलिमीटरचा चुरा. नुसत्या बारीक वाळूत बिळाचं छत टिकत नाही, श्रिम्प हे तुकडेच आधाराला लावतो. दगड वाळूवर न ठेवता आधी थेट काचेवर बसवावेत आणि मग भोवती वाळू टाकावी. नाहीतर खालची वाळू उपसली गेली की दगड कलतो आणि काचेवर किंवा गोबीवर येतो. रात्री 'टक्' असा आवाज आला तर काच तडकली म्हणून घाबरू नये, तो श्रिम्पच्या नांगीचा असतो. कृष्णेची वाळू वापरू नये, तिच्यातला गाळ महिनोन्‌महिने पाणी गढूळ ठेवतो.

मोकळ्या पाण्यात ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी. दोन सारखे मोठे मासे आणले तर ते भांडतात. दोन्ही पिल्लं घ्यावीत, एक ठळकपणे मोठं आणि एक लहान. क्लाउनफिश जन्मतः मादी नसतो, जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. लहान मासा मोठ्यासमोर आडवा होऊन अंग थरथरवतो, ते आजारपण नव्हे, शरणागती आहे. ती दिसली की जोडी जमली. अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्रजीव) असलाच पाहिजे असं मुळीच नाही. नव्या टँकमध्ये तो बहुतेक वेळा मरतो आणि मरताना पाणीही नासवतो. क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे विकसित केलेलं आहे. हॅचरीतली पिल्लं मागावीत, ती तयार खाद्य लगेच घेतात.

दगडावर बसण्यासाठी लॉनमोअर ब्लेनी. दोन डोळे दोन दिशांना फिरवत तो माणसाकडे बघत राहतो. पण तो खातो काचेवरचं आणि दगडावरचं शेवाळ. नव्याकोऱ्या टँकमध्ये घातला तर खंगून मरतो. चार-सहा महिन्यांनी दगडांवर थर धरला की आणावा, आणि पोट आत गेलेलं दिसलं तर नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला लावून द्यावा.

कपारीसाठी रॉयल ग्रामा, पुढून जांभळा, मागून पिवळा. कपारीच्या छताखाली तो उलटा पोहतो, ते त्याचं नेहमीचंच आहे. एकच ठेवावा. सिक्सलाइन रॅस त्याच्याहून चपळ असतो, दिवसभर दगड तपासत फिरतो. पण एकदा घर धरलं की नंतर आलेल्या प्रत्येकाच्या मागे लागतो. ग्रामा किंवा रॅस, दोघांपैकी एकच घ्यावा. रॅस असेल तर सगळ्यांत शेवटी.

आता टाळायचे. निळा डॅमसेल स्वस्त म्हणून 'टँक सुरू करायला' गळ्यात मारतात. तो टिकतो आणि मग बाकीच्यांना टिकू देत नाही. त्याला पकडायचा तर सगळे दगड बाहेर काढावे लागतात. टँक मुरवायला, म्हणजे पाणी माशांसाठी तयार करायला, मासा लागतच नाही. चिमूटभर खाद्य कुजू द्यावं आणि अमोनिया व नायट्राइट वर जाऊन पुन्हा शून्यावर येईपर्यंत थांबावं, साधारण ४ ते ६ आठवडे. निळा टँग फूटभर वाढतो, त्याला ३ फुटांत ठेवू नये. पफर माणूस ओळखल्यासारखा काचेशी येतो, पण कोळंबी-शिंपले फोडून खातो. मँडरिन हा मासा सूक्ष्म जिवांवर जगतो, लहान टँकमध्ये तो बहुधा उपाशीच मरतो.

पाण्याचं थोडक्यात: आरओचं (फिल्टरने क्षार काढलेलं) पाणी, त्यात लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम मरीन सॉल्ट, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या यंत्रावर, विशिष्ट गुरुत्व १.०२५. घरातल्या खडे मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियमचं समुद्राच्या पाण्यासारखं प्रमाण नसतं. दर आठवड्याला १५ लिटर बदलावं.

सांगलीत खरी अडचण उन्हाळ्याची. पाणी २५ ते २७ अंशांत हवं, आणि एप्रिल-मेमध्ये खोलीच त्यापुढे जाते. पृष्ठभागावर पंखा मारला तर २-३ अंश उतरतात, पण बाष्पीभवनाने क्षारता वाढते. कमी झालेलं पाणी रोज साध्या आरओच्या पाण्याने भरावं, खाऱ्या पाण्याने नव्हे. मोठा टँक असेल तर चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून वीज गेल्यावर पहिल्यांदा दम लागतो तो माशांना. वेव्हमेकर (पाणी हलवत ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर घ्यावा, नाहीतर बॅटरीवरचा एअर पंप तरी तयार ठेवावा.

झाकण काचेचं नको, पाव इंची जाळीचं करावं: हवा खेळते आणि मासे बाहेर पडत नाहीत. गोबी-रॅस दचकले की उडी मारतात. गणपतीच्या मिरवणुकीत रस्त्याकडेच्या घरांत डॉल्बीने काच थरथरते, त्या रात्री जाळीच्या कडा जरूर तपासाव्यात.

मासे बहुधा मुंबई-पुण्याहून रात्रीच्या प्रवासाने पिशवीत येतात. आल्या दिवशी उचलू नयेत, आठवडाभर दुकानात राहू द्यावेत. मग दुकानदाराला समोर खाद्य टाकायला सांगावं. जो खात नाही, ज्याचे कल्ले भराभर हलतात किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत, तो सोडून द्यावा. घरी आणल्यावर किमान ४ आठवडे वेगळ्या लहान टँकमध्ये ठेवावा. तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर तिथेच द्यावं, मुख्य टँकमध्ये त्याने पिस्टल श्रिम्प मरतो.

— सांगली-मिरजेतील काही मरीन टँक पाळणारे