पी. के. अय्यंगार म्हणजे फक्त पोखरण नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तंत्रज्ञान दिनानिमित्त तुमच्या पेपरात पोखरणवर पानभर मजकूर आला, वाचून बरं वाटलं. पण त्यात अणुशास्त्रज्ञ डॉ. पी. के. अय्यंगार यांना मिळाली एकच ओळ, तीसुद्धा "१९७४च्या टीममधले एक शास्त्रज्ञ" एवढीच. एवढ्या मोठ्या माणसाची एका ओळीत बोळवण झाली याचं खरंच वाईट वाटलं, म्हणून हे पत्र लिहितोय, जमलं तर पूर्ण छापा.

अय्यंगार मूळचे तिरुनेलवेलीचे, जन्म १९३१चा. एमएस्सी करून १९५२ला मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये लागले. तेव्हा ही संस्था कुलाब्याला नव्हती, अपोलो बंदरला जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. भाभांनी तरुण पोरं गोळा करायला सुरुवात केली होती आणि त्यातला हा एक. मग ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र, आणि तिथून १९५६ला कॅनडात चॉक रिव्हरच्या अणुप्रयोगशाळेत, बर्ट्रम ब्रॉकहाउस या शास्त्रज्ञाकडे. या दोघांनी मिळून जर्मेनियमच्या स्फटिकात अणू कसे थरथरतात ते न्यूट्रॉन वापरून मोजलं. जर्मेनियम म्हणजे त्या काळचं ट्रान्झिस्टरचं मटेरिअल, त्यामुळे विषय एकदम चालू घडीचा होता. ब्रॉकहाउसना पुढे १९९४ला नोबेल मिळालं ते याच पद्धतीच्या कामासाठी.

आता हे न्यूट्रॉनचं नेमकं काय प्रकरण आहे ते थोडं सांगतो, कारण अय्यंगारांचं आयुष्य त्यात गेलं आणि पेपरात नेमकं तेच कधी येत नाही. न्यूट्रॉन म्हणजे अणूच्या केंद्रातला वीजभार नसलेला कण. अणुभट्टीतून बाहेर पडणारा मंद न्यूट्रॉन असा असतो की त्याची तरंगलांबी दोन अणूंमधल्या अंतराएवढी आणि त्याची ऊर्जा अणूंच्या थरथरीएवढी. एक्स-रेने अणू कुठे बसलेत ते दिसतं, पण त्याची ऊर्जा लाखो पटींनी जास्त असल्यामुळे थरथरीने त्यात पडणारा फरक पकडणं फार अवघड जातं. न्यूट्रॉन मात्र स्फटिकात शिरून बाहेर येताना थोडी ऊर्जा घेतो नाहीतर देतो, आणि तो फरक मोजला की अणू कसे हलतात हे कळतं. यालाच न्यूट्रॉन स्कॅटरिंग म्हणतात. शिवाय एक्स-रेला हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही, न्यूट्रॉनला चांगला दिसतो.

कॅनडातून परत आल्यावर हे सगळं इथे करायचं म्हणजे यंत्रं हवीत, आणि ती बाहेरून मागवायला परकीय चलन कुठे होतं. मग यंत्रं ट्रॉम्बेतच बनवली. माझे मामा तिथल्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, त्यांच्याकडून हे ऐकलंय. हे मोजमाप करणाऱ्या यंत्राचा, म्हणजे स्पेक्ट्रोमीटरचा, न्यूट्रॉन टिपणारा डिटेक्टर पॅराफिन मेण आणि बोरॉन भरलेल्या जाडजूड पिंपात बसवलेला असतो, म्हणजे इकडचेतिकडचे न्यूट्रॉन आत घुसू नयेत. आता हे सगळं वजन एका आडव्या हातावर, आणि तो हात सॅम्पलभोवती गोल फिरवायचा, फिरताना लचकायचा नाही, आणि कोन अंशाच्या छोट्या भागानेसुद्धा चुकायचा नाही, कारण न्यूट्रॉन किती वळला हे त्या कोनावरूनच काढतात, कोन चुकला की आकडा चुकला. मामा म्हणायचे, लेथवरचा जॉब मायक्रोमीटरमध्ये पास झाला तरी फिजिक्सवाले येऊन परत मोजायचे आणि नाही पटलं तर का नाही पटलं ते उभं राहून समजावून सांगायचे. शास्त्रज्ञ आणि टर्नर एका मशीनपाशी उभे राहून बोलतात ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत अभिमानाची वाटायची. १९६०च्या दशकात तर असा एक स्पेक्ट्रोमीटर भारताने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने फिलिपिन्सच्या अणुभट्टीवर नेऊन बसवला आणि आशियातल्या शास्त्रज्ञांना त्यावर शिकवलं. आपण बनवलेलं संशोधनाचं यंत्र दुसऱ्या देशात जातं, तेही त्या काळात, ही पहिल्या पानाची बातमी आहे हो!

पोखरणचा भागसुद्धा नीट सांगितला तर जास्त इंटरेस्टिंग आहे. रशियात दुब्नाला अय्यंगारांनी वेगवान न्यूट्रॉनवर चालणारी स्पंदन अणुभट्टी, म्हणजे थांबून थांबून ठोके देत चालणारी भट्टी, पाहिली आणि त्यातून ट्रॉम्बेत प्लुटोनियमवर चालणारी पूर्णिमा ही भट्टी उभी राहिली. जवळजवळ शून्य पॉवरची भट्टी, वीज बनवायला नाहीच, वेगवान न्यूट्रॉन प्लुटोनियममध्ये कसे वाढत जातात हे मोजायला. ती सुरू झाली १८ मे १९७२ला, आणि बरोबर दोन वर्षांनी १८ मे १९७४ला पोखरणची पहिली चाचणी झाली. म्हणजे बॉम्बच्या आधी मोजमाप होतं, आणि ते मोजमाप करणारी माणसं न्यूट्रॉन स्कॅटरिंगच्या शाळेत तयार झालेली होती. हे न सांगता नुसतं "टीममधले एक" म्हणणं बरोबर नाही. त्याच पूर्णिमाच्या पुढच्या आवृत्त्यांमधून तमिळनाडूत कल्पाक्कमची कामिनी ही भट्टी आली, थोरियमपासून मिळणाऱ्या युरेनियम-२३३वर चालणारी.

१९८४ला ते बीएआरसीचे, म्हणजे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे, डायरेक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे ध्रुव ही संशोधनाची अणुभट्टी सुरू झाली, १०० मेगावॅटची, आपल्याच लोकांनी डिझाइन केलेली. सुरू झाल्यावर पाण्याच्या प्रवाहाने इंधनाच्या जुळण्या (इंधनाच्या कांड्यांचे जुडगे) थरथरायला लागल्या, आवरणं झिजली, भट्टी थांबवावी लागली. बाहेरच्या कोणाला बोलवायचं नाही असं ठरवून इथल्याच इंजिनिअरांनी जुळणीत बदल केले आणि १९८८ला ध्रुव पूर्ण क्षमतेने चालायला लागली. १९९० ते ९३ ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते.

आणि कोल्ड फ्यूजनबद्दलसुद्धा, म्हणजे साध्या तापमानाला अणू एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याच्या दाव्याबद्दलसुद्धा लिहा, झाकून ठेवू नका. १९८९ला अमेरिकेत युटाहमधून ती बातमी आली तेव्हा अय्यंगारांनी बीएआरसीत वेगवेगळे गट कामाला लावले, त्यांना न्यूट्रॉन आणि ट्रिशियम (हायड्रोजनचा जड प्रकार), म्हणजे अणू जोडले गेल्याच्या खुणा, सापडल्याचं जाहीर झालं, पण जगभरात हे प्रयोग खात्रीने पुन्हा करता आले नाहीत आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी तो विषय सोडून दिला. अय्यंगारांनी नाही सोडला. माझ्या मते ते इथे चुकले, पण ते प्रयोग करून बघत होते, ऐकीव गोष्टीवर बोलत नव्हते.

रिटायर झाल्यावर गप्प बसणं सोपं होतं. त्यांनी १९९८ची थर्मोन्यूक्लिअर, म्हणजे हायड्रोजन बॉम्बची चाचणी सांगितली तेवढी यशस्वी झाली नाही, त्यातलं इंधन पूर्ण जळलं नसावं, असं उघडपणे मांडलं. अणुशास्त्रज्ञ आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी ते खोडून काढलं, सरकारनेही. २००८च्या अमेरिकेबरोबरच्या अणुकराराला त्यांनी विरोध केला, तेव्हा आयोगाचे अध्यक्ष असलेले आपले काकोडकर कराराच्या बाजूने होते. मला स्वतःला काकोडकरांचं म्हणणं जास्त पटतं, आपल्याला बाहेरचं युरेनियम हवंच होतं आणि ते करारामुळे मिळणार होतं. पण ज्या खात्यात अख्खी हयात गेली त्याच खात्याच्या दाव्यावर नाव घेऊन प्रश्न विचारायचा, याला जिगर लागते आणि तुमच्या पानात याबद्दल एक अक्षर नाही.

२१ डिसेंबर २०११ला ते मुंबईतच गेले. माझी विनंती एवढीच आहे की रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर स्वतंत्र लेख द्या, आणि त्यासाठी फक्त जुन्या डायरेक्टरांना फोन करू नका. ती यंत्रं बनवणारे, चालवणारे फिटर, टर्नर, वेल्डर, टेक्निशियन आजही चेंबूर, मानखुर्द, वाशी, नेरूळ इकडे राहतात, बहुतेक मराठीच बोलतात, आणि त्यांना आजवर कोणी काही विचारलेलं नाही. एक रिपोर्टर पाठवा, रेकॉर्डर चालू ठेवून बोलू द्या. उशीर मात्र करू नका, त्यातले बरेच जण ऐंशीच्या पुढे गेलेत.

आपला,
एक नियमित वाचक, देवनार, मुंबई