जुन्या कुंपणाचे बाण

प्रिय श्रीरंग,

सप्रेम नमस्कार. कुंपणाच्या फळ्यांचे फोटो पाहिले. त्यांतून धनुष्यबाण करता येतील का, असं विचारलं आहेस. बाण जरूर कर, पण धनुष्य त्यातून काढायला जाऊ नकोस.

तिकडे अमेरिकेत, तुमच्या ओरेगनात, कुंपणाला बहुतेक वेस्टर्न रेड सीडर असतं. नाव सीडर असलं तरी ते आपल्या देवदाराच्या कुळातलं नव्हे. हलकं, मऊ आणि ठिसूळ. दोरी ओढली की धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूवर, ताण येतो आणि तिथेच ते तडकतं. ईस्टर्न रेड सीडर, जे खरं तर ज्युनिपर आहे, त्याचं धनुष्य होतं; पण त्यालाही पाठीवर हिकरीच्या चिवट लाकडाची किंवा बांबूची पट्टी चिकटवलेली बरी. बाणाला सगळ्यात नावाजलेलं पोर्ट ऑरफर्ड सीडर: फिकट पिवळसर, आल्यासारखा तिखट वास. ते कुठे जुन्या लाकडात सापडलं तर सोडू नकोस.

आधी मास्क लाव. वेस्टर्न रेड सीडरच्या भुशातल्या प्लिकॅटिक आम्लाने दमा जडू शकतो. मग फळीवरून चुंबक फिरव. खिळ्याभोवती काळा डाग असतो, तो भाग दोन बोटं जास्तीचा धरून कापून टाक. करडा झालेला थर वरवरचाच असतो, रंध्याने एक-दोन मिलिमीटर काढलास की खालून लाल लाकूड दिसेल.

आता खरी परीक्षा. 6 फुटी फळीचे दोन तुकडे कर आणि एक कडेला कोयता ठेवून फोड. फट टोकापर्यंत सरळ गेली तर लाकूड घे. तिरकी सरकली तर ती फळी बाणाला बाद, कितीही देखणी असो. करवतीला तंतू कळत नाहीत, ती त्यांना आडवी कापते. अशी काडी, म्हणजे बाणाचा दांडा, सुटतानाच तिरकी मोडते आणि तिचा अणकुचीदार तुकडा धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. गाठ असलेली काडीही नको.

10 मिलिमीटरची चौकोनी पट्टी काढ, कोपरे रंधून अष्टकोनी कर, मग पॉलिश पेपरने गोल करत 8.7 मिलिमीटरवर आण. दोरीची खाच टोकावर दिसणाऱ्या वलयरेषांना काटकोनात पाड, म्हणजे काडीची ताठ बाजू धनुष्याला लागते.

ताठपणा डोळ्यांनी ठरवू नकोस. 26 इंचांवर दोन टेकू, मध्ये 2 पौंड वजन, आणि काडी किती इंच झोळते ते मोज. 26 ला त्या आकड्याने भाग: 0.65 इंच झोळ म्हणजे 40 पौंड ताठपणा. ज्यांच्या ताठपणात पाच पौंडांपेक्षा जास्त फरक नाही अशा काड्यांचाच एक संच कर, नाहीतर प्रत्येक बाण वेगळ्या दिशेला जाईल. तुझ्या 40 पौंडी, म्हणजे ओढायला 40 पौंड जोर लागणाऱ्या, धनुष्याला तयार बाण 26 ग्रॅमच्या आसपास हवा. रेड सीडर हलकं, म्हणून टोक 125 ग्रेनचं (सुमारे 8 ग्रॅमचं) घे. फार हलक्या बाणाने धनुष्यालाच झटका बसतो.

आणि प्रत्येक वेळी सोडण्याआधी काडी कानाजवळ धरून हलकेच वाकव. करकर ऐकू आली तर तिथेच मोडून टाक.

पहिल्या सहा काड्यांची झोळ किती आली ते कळव.

तुझा,
मुकुंद