कागदी टेपच्या दोन पट्ट्या

‘आधी मोजू, मग बघू’ म्हणणाऱ्या काकांना,

स. न. वि. वि.

हे पत्र हातात आणून देता आलं असतं. पण समोर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, आणि बोलणं हँडलवरून कार्ब्युरेटरवर कधी गेलं ते कळतही नाही. शिवाय जुन्या मोटरसायकलसाठी हँडल शोधत हिंडणारे कमी नाहीत. त्यांच्याही नजरेस पडावं म्हणून उघडंच लिहितो.

तुमच्या आधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘युनिव्हर्सल आहे, बसतं.’ या एका वाक्याने जुन्या गाड्यांचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं गंजानेही केलं नसेल. बसतं हो. कशातही काहीही बसवता येतं. पण करकचून ब्रेक दाबला, अंगाचा सगळा भार हातांवर आला, की ते जागेवर राहतं का, हे कोणी बघायचं?

आमच्या गाडीवर ते राहत नव्हतं, आणि का राहत नव्हतं हे तुम्ही दोन मिनिटांत दाखवलंत. क्लॅम्प, म्हणजे हँडल मधोमध धरून ठेवणारी पकड, एक इंची, म्हणजे 25.4 मिमीची. त्यात घातलेलं हँडल 7/8 इंची, म्हणजे 22.2 मिमीचं. मधली पोकळी भरायला पत्र्याच्या डब्यातून कापलेली पट्टी गुंडाळलेली. जुन्या काही ब्रिटिश गाड्यांवर हँडल मधोमध एक इंची आणि ग्रिपपाशी 7/8 इंची असतं, इथेच सगळे फसतात. ग्रिप काढून टोकाला व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावला की 22.2 येतात आणि माणूस तेच माप सांगून मोकळा होतो. मोठ्या भोकात बारीक नळी गेली की तिला वरून एक रेघ आणि खालून एक रेघ, एवढाच आधार मिळतो. बोल्ट जितका आवळाल तितकी नळी तिथे चेपते, गोलाची अंडाकृती होते, आणि पत्रा झिजला की हँडल पुन्हा फिरायला लागतं. मग आणखी आवळा. शेवटी वरच्या प्लेटमधले आटे जातात आणि दोष गाडीच्या वयाला मिळतो.

बारीक हँडलच वापरायचं असेल तर क्लॅम्पच्या पूर्ण रुंदीच्या, 1.6 मिमी जाडीच्या दोन अर्धगोल वाट्या लेथवर करून घ्याव्यात. 25.4 मधून 22.2 वजा करा आणि दोनाने भागा, हिशेब एवढाच आहे. एवढ्या गणिताचा आधीच्या तीन जणांना कंटाळा आला होता. तुम्ही मात्र त्यांच्यापैकी कोणालाही नावं ठेवली नाहीत. पत्र्याची पट्टी चिमट्याने ओढून काढलीत, डब्यात टाकलीत आणि हात पुसलेत. एवढी सभ्यता आमच्यात नाही, म्हणून टोमणे या पत्रात आले आहेत.

पण हे पत्र त्या वजाबाकीसाठी नाही. ते आहे कागदी टेपच्या दोन पट्ट्यांसाठी.

जुनं हँडल टेबलावरच्या काचेवर उलटं ठेवून तुम्ही दाखवलंत की एक टोक टेकलेलं असताना दुसरं 9 मिमी वर राहतंय. म्हणजे गाडी कधीतरी पडलेली. सरळ करून घ्यावं का, यावर तुम्ही नुसती मान हलवलीत. वाकलेली लोखंडी नळी सरळ दिसेल, पण क्रोमखाली चीर गेली असेल तर ती दिसत नाही. अल्युमिनियमच्या बाबतीत तर हा विचारही करायचा नाही. म्हणजे नवीन हँडल घेणं आलंच. अशा वेळी बहुतेक जण जुन्याचीच मापं उतरवून घेतात. तुम्हीही घेतलीत. टोकापासून टोकापर्यंत रुंदी 710 मिमी. क्लॅम्पपासून टोकांची उंची 95. क्लॅम्पच्या रेषेपासून टोकं किती मागे येतात, ते 130. टोकाकडचा सरळ भाग 165. पेन्सिलीने सगळं टेपवर लिहिलंत आणि टेप हँडलच्या मधोमध चिकटवलीत.

मग ते हँडल पुन्हा गाडीवर अडकवलंत, मधल्या स्टँडवर उभ्या गाडीवर बसायला सांगितलंत, आणि म्हणालात, “डोळे मिटा. हात कुठे जातात ते बघू नका, ठेवा फक्त.”

डोळे मिटल्यावर हात ग्रिपच्या मध्यावर न जाता आत सरकले. तुम्ही एक अक्षर न बोलता दोन्ही करंगळ्यांच्या बाहेरच्या कडेला टेपची एकेक बारीक पट्टी गुंडाळलीत आणि उतरायला सांगितलंत. दोन्ही बाजूंना टोकापासून पट्टीपर्यंत 20 मिमी. टेपवरचे 710 खोडून खाली 670 लिहिलंत. हे हँडल मुळात गाडीचं नव्हतंच, कोणीतरी कधीतरी हौसेने लावलेलं. त्याची नक्कल केली असती तर चूकच पुन्हा विकत घेतली असती, तीही नव्या क्रोमसकट.

हँडल निवडण्याबद्दल रेस, टूरिंग, कॅफे असे शब्द सगळे ऐकवतात. ज्याचे हात त्यावर रोज तासभर टेकणार आहेत त्याच्या करंगळ्या कुठे येतात, हे बघावंसं मात्र तुमच्याआधी कोणालाच वाटलं नाही. खर्च काय, तर बोटभर कागदी टेप.

दोन्हीकडून 20 कापून टाकले तर, हा प्रश्न तेव्हा अर्धवटच विचारला गेला. उत्तर टेपवरच होतं. सरळ भाग 165, त्यातून 20 गेले की उरले 145. ग्रिपला 120 लागतात. राहिलेल्या 25 मध्ये लिव्हरचा क्लॅम्पही हवा आणि डिपरचा स्विचही, आणि उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटरची घडणच रुंद. मग लिव्हरचा क्लॅम्प बाकावर चढतो, तिथे नळी वळलेली असल्यामुळे तो तिरका बसतो आणि कितीही आवळला तरी डुगडुगतो. म्हणून नवं हँडल मागताना तुम्ही रुंदीपेक्षाही सरळ भागावर अडून बसलात: 180 च्या खाली नको. चित्र बघून हँडल घेणाऱ्यांचा घात नेमका हाच आकडा करतो, कारण चित्रात तो दिसतच नाही.

मागे किती यावं, हेही तुम्ही मनगटावरून ठरवलंत. टोकं पुरेशी मागे आली नाहीत की मनगट मुडपतं आणि तळव्याचा करंगळीकडचा भाग ग्रिपवर दाबला जातो. अर्ध्या तासात शेवटची दोन बोटं बधिर. लोक याला सिंगल सिलिंडरची थरथर म्हणतात आणि जाड ग्रिप विकत आणतात. थरथर असतेच, पण वाकडं मनगट ती बोटांपर्यंत नेऊन पोहोचवतं. 130 चे तुम्ही 150 केलेत, 95 चे 80. उंची कमी केल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहिलं आणि पाठ थोडी पुढे आली. आणखी खाली जायचं तर पाय ठेवायच्या खुंट्याही मागे न्याव्या लागतात, नाहीतर माणूस गाडीवर बसत नाही, तिच्यावर ओणवा होतो. हेही तुमचंच वाक्य.

आणि मग हे सगळं लिहून झाल्यावर तुम्ही मागच्या कपाटातली तुमच्याकडची दोन हँडलं काढून मोजलीत. एकाचा सरळ भाग 170. दुसऱ्याच्या आतल्या बाकाला सुरकुत्या होत्या. नळी भरून न घेता वाकवली की आतली बाजू अशीच चुण्या पडून बसते, आणि पुढे तुटली तर तिथूनच तुटते. दोन्ही परत कपाटात. “यातलं एकही तुमचं नाही,” म्हणालात. गिऱ्हाईक दारात उभं, माल कपाटात, आणि दुकानदार सांगतोय की घेऊ नका. आम्ही हे दोनदा ऐकून घेतलं.

नवं हँडल आलं तेव्हा त्यावरही तुम्ही तेच व्हर्निअर चालवलंत. क्लॅम्पच्या जागी आडवं माप आणि उभं माप, दोन्ही 25.4. टोकाशी भिंतीची जाडी 2 मिमी. मधल्या भागात नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी कोरलेला खरखरीतपणा, आहे ना, ते नखाने चाचपून. गुळगुळीत क्रोम क्लॅम्पमध्ये साबणासारखं सरकतं.

लिव्हरच्या बाबतीत जी गल्लत होते तिच्यावर तर कोणीतरी वेगळं पत्र लिहायला हवं. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या लिव्हरवर 7/8 लिहिलेलं असतं ते दोन अर्थांनी असू शकतं. एक, हँडलची जाडी. दुसरा, लिव्हर ज्यावर फिरते त्या खिळ्यापासून केबलच्या निपलपर्यंतचं, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या गोळीपर्यंतचं अंतर. हे अंतर 7/8 इंचही मिळतं आणि 1 1/16 इंचही, म्हणजे 22 आणि 27 मिमी. 27 ची लिव्हर तेवढ्याच दाबण्यात जास्त केबल ओढते, पण हाताला जड लागते. 22 ची हलकी, पण क्लच पूर्ण सुटायला केबल कमी ओढली जाते आणि न्यूट्रल सापडता सापडत नाही. आम्हाला याआधी ‘7/8 चीच आहे’ म्हणून जी लिव्हर दिली गेली ती नेमकी उलट्या अर्थाने 7/8 होती. विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं, हे एकवेळ माफ. पण ठाऊक नाही, असं त्याने म्हणायला हवं होतं.

केबलचं काम तुम्ही सगळ्यात संथपणे केलंत. हँडल खाली आलं म्हणजे केबल लांब झाल्या. तशाच ठेवल्या तर हेडलाइटपुढे त्यांचा फुगवटा येतो, तीव्र वळणावर आतली तार घासते आणि क्लच जड होतो. तुम्ही सुतळी धरून मार्ग आखलात, हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवून सुतळी कुठे ताणते ते पाहिलंत आणि मगच बाहेरचं आवरण कापलंत. जेवढं आवरण कापलं तेवढीच तार कापायची, म्हणजे आवरणाबाहेर राहणारी तार पूर्वीएवढीच राहते. हे चुकलं की अ‍ॅडजस्टर सगळा उलगडूनही ढिलाई जात नाही. निपलच्या खळग्यात तारेचे पदर फुलासारखे उघडून मग सोल्डरचा डाग दिलात, आणि वर तार जास्त तापू दिली नाहीत, कारण जास्त तापलेली तार निपलच्या तोंडाशीच तुटते.

क्लॅम्पच्या टोप्या बसवताना पुढची फट आणि मागची फट सारखी. (ज्या टोपीवर पुढच्या बाजूला खूण असते तिथे पुढचा बोल्ट आधी पूर्ण आवळून फट मागे ठेवतात, ती गोष्ट वेगळी.) फट उरलीच नाही, टोपी दोन्हीकडे टेकली, तर नळी बारीक आहे, हे तेव्हाच समजायचं. टॉर्क पाना 20 न्यूटन-मीटरला लावलात. जुन्या अल्युमिनियमला याहून जास्त सोसत नाही, असं तुमचं म्हणणं.

मग इंजिन सुरू करून मंद चालत असताना हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवलंत. रेस वाढली असती तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणतेय असा अर्थ. वाढली नाही. पूर्ण वळवल्यावर मूठ आणि टाकी यांच्यामध्ये तुमचा अंगठा घालून पाहिलात, दोन्ही बाजूंना. अंगठा मावला. लिव्हरच्या टोकाला 3 मिमी ढिलाई. शेवटी हँडलच्या टोकांवर दोन्ही हातांनी सगळा भार टाकून उभे राहिलात. ते हललं नाही.

काका, जुन्या वस्तूंबद्दल प्रेमाने बोलणारे खूप भेटतात. डोळे पाणावतात, चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज काढून दाखवतात, आणि मग पत्र्याची पट्टी गुंडाळून देतात. तुम्ही प्रेमाबिमाबद्दल काही बोलला नाहीत. चुकीचा आकडा खोडून त्याच्या खाली बरोबर आकडा लिहिलात.

जुनं वाकडं हँडल भंगारात दिलेलं नाही. भिंतीवर खिळ्याला टांगलंय, मधल्या टेपसकट आणि करंगळ्यांच्या दोन पट्ट्यांसकट. उजवीकडची पट्टी एका कडेने सुटत चालली होती, ती परत दाबून बसवली.

तुमचा ऋणी,
670 वाला

ता. क. तुम्ही बजावल्याप्रमाणे पहिल्या 80 किलोमीटरनंतर क्लॅम्पचे चारही बोल्ट पुन्हा तपासले. मागचा उजवा पाव फेरा आत गेला, बाकीचे तीन जागेवर होते. आणि तुमची पेन्सिल टूलबॉक्समध्ये सापडली. येताना आणतो.