परात दिसली का?

नाशिक,
मंगळवार

प्रिय बंड्या,

फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येच "अरे सोड ना" म्हणतोस आणि विषय तिथेच बुडतो. हा विषय मला सोडायचा नाही, म्हणून लिहायला बसलो. इकडे सगळे ठीक. माझी साखर आटोक्यात, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं.

दिन्याला प्रकाशयोजनेचा पुरस्कार मिळाला त्या रात्री पहिला फोन तुझा होता, हे तो सगळ्यांना सांगत सुटलाय. पण सोहळा टीव्हीवर दाखवला तो परवा रविवारी, आणि तुमच्याकडे नेमकी वीज गेली होती असं वहिनी म्हणाल्या. म्हणजे तू काहीच पाहिलेलं नाहीस. आता ऐक.

दिन्याच्या पंचवटीतल्या घरी सगळी गल्ली लोटली होती. सातपूरला त्याच्या कंपनीतल्या मेन्टेनन्सची माणसं, खालचा इस्त्रीवाला, समोरच्या वाड्यातल्या आजी, नाटकातली आपली पोरं. बसायला जागा नाही म्हणून चौघं जिन्यात. सातला सुरू झालं. आधी नाच, मग निवेदकांची थट्टामस्करी, मग पुन्हा नाच. ते काही वाईट नव्हतं. एका प्रहसनाला आजी पदर तोंडाला लावून हसत होत्या, मीही हसलो. दिन्याचा धाकटा प्रत्येक जाहिरातीनंतर विचारायचा, "आता पप्पा?"

मग आपल्या नाटकातला तुकडा आला. पुराच्या रात्रीचा, म्हातारा पोटमाळ्याच्या जिन्यावर बसलेला. साईखेडकर नाट्यगृहात तू माझ्या शेजारी बसून पाहिलास ना, तोच. आपली गंगा, म्हणजे गोदावरी, चढतेय, काठावरचा दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडाल्याची बातमी येते, आणि घरात दिवा नाही. विंगेत पोरगा परात घेऊन बसतो. परातीत पाणी, पाण्यात आरशाचे तुकडे, जमिनीलगत पाचशे वॅटचा एकच दिवा. पोरगा परातीची कड उचलत जातो तशी उजेडाची थरथरती रेघ भिंतीवर बोट बोट वर सरकते आणि म्हातारा एक एक पायरी मागे जातो. एक शब्द नाही. त्या दिवशी तू माझा दंड इतका घट्ट धरला होतास की दुसऱ्या दिवशी वळ होता.

टीव्हीवर तोच प्रवेश लख्ख उजेडात झाला. समोरून, वरून, बाजूने, सगळीकडून पांढरा फटफटीत उजेड. मागे भिंतीएवढा एलईडी पडदा आणि त्यावर कुठल्यातरी परदेशी नदीचा व्हिडिओ, काठाला पाइनची झाडं! म्हातारा जिन्यावर का सरकतोय ते कुणाला कळेना. इस्त्रीवाला म्हणाला, "याला काय झालं?" त्याचं काय चुकलं?

दिन्याने परात मुंबईला नेली होती रे. गाडीत मांडीवर धरून. तिथे त्याला सांगितलं की कॅमेऱ्याला एवढा अंधार चालत नाही, आणि स्टेजवर पाणी आणायचं नाही, खाली केबल आहेत. केबलचं मला पटतं. अंधाराचंही एका अर्थी पटतं, कारण प्रेक्षागृहात माणसाचा डोळा काही मिनिटांत काळोखाला सरावतो. तिसरी घंटा झाली, दिवे गेले, की पहिल्या प्रवेशापर्यंत आपण मांजरासारखे बघायला लागतो. डिमरवर हॅलोजनचा उजेड खाली आणला की तो तांबूस होत जातो, तो तांबूसपणा आपल्याला दिसतो. कॅमेऱ्याला एक तर काळं दिसतं नाही तर दाणेदार राखाडी. पण मग पुरस्कार प्रकाशयोजनेचा आणि त्यातला प्रकाश तेवढा गाळून टाकलेला, हे कुणालाच खटकलं नसेल का? प्रत्यक्ष प्रयोगाच्या वेळी एखादा चांगला कॅमेरावाला आणून दोन मिनिटं चित्रीकरण केलं असतं तरी भागलं असतं.

पुढचं तर ऐकवत नाही. प्रकाशयोजनेची नामांकनं आली ती सगळी फोटोंत. आपल्या नाटकाचा फोटो तालमीतला, फ्लॅश मारून काढलेला! भिंतीवर माणसांच्या सावल्या, म्हातारा डोळे मिचकावतोय. दिन्याचं नाव पुकारलं, घरात जो गलका झाला तो रामकुंडावर ऐकू गेला असेल. दिन्या चढला, निवेदक म्हणाला, "नाशिकहून आलात, द्राक्षं कुठायत?" दिन्या हसला, पुरस्काराची बाहुली हातात घेतली, माइककडे वळला, आणि धाडकन साबणाची जाहिरात. तात्यासाहेब शिरवाडकर आणि वसंत कानेटकर ज्या गावात बसून नाटकं लिहीत होते त्या गावच्या माणसाला द्राक्षं विचारायची! आणि माइकवर तो कॉलेजपासून आपल्याला शिकवणाऱ्या अण्णांचं नाव घेणार होता. घेतलंही होतं, तिथे हजर असलेल्यांनी ऐकलंय. ते कापलं गेलं.

घरातले बहुतेक लोक मात्र खूश. दिन्याच्या आईने टीव्हीला हात जोडले आणि लगेच म्हणाली, "कॉलर नीट करायची ना रे." धाकट्याला तो क्षण पुन्हा पुन्हा मागे नेऊन हवा होता. कंपनीतल्या एकाने प्रामाणिकपणे विचारलं, "पण अवॉर्ड नेमकं कशाचं? लाइट तर सगळ्यांवर सारखाच पडला होता." कुणी हसलं नाही. दिन्याही नाही. तेवढ्यात अण्णांचा फोन आला. डोळ्यांमुळे ते टीव्हीसमोर बसत नाहीत हल्ली. स्वतःच्या नावाबद्दल चकार शब्द नाही. एवढंच विचारलं, "परात दिसली का?" दिन्या म्हणाला, "हो अण्णा, दिसली."

इथपर्यंत राग होता. काळजी पुढे आहे.

काल संध्याकाळी शालिमारला चहाला भेटलो. दिन्याने मोबाइल काढून दाखवला. सोहळ्याला गेलेल्या आपल्याच एका पोराने बाल्कनीतून त्या तुकड्याचं चित्रीकरण केलं होतं, कुणीतरी त्याला साईखेडकरच्या मूळ प्रयोगाची क्लिप जोडली आणि ते सगळीकडे फिरतंय. मूळ क्लिपखाली लोक लिहितात, "काहीच दिसत नाही", "अंधार का ठेवलाय", "टीव्हीवरचं जास्त छान वाटलं". दिन्याने सगळं वाचलंय. पाठ झालंय त्याला. पुढच्या महिन्यात कालिदास नाट्यगृहात आपला प्रयोग आहे ना, त्यासाठी त्याने एलईडी पार दिव्यांच्या दोन रांगा भाड्याने सांगितल्यात, एक पडदा सांगितलाय, आणि परात काढून टाकलीय. मी म्हटलं, "का?" तर म्हणतो, "लोकांना अंधार नको असतो रे. घरी जमलेल्यांपैकी किती जणांनी आपलं नाटक पाहिलं होतं? त्यांनी पाहिलं ते टीव्हीवरचंच. आणि प्रयोगाला येतील ते फोन काढणारच. फोनवर जे दिसत नाही ते झालंच नाही असं समजतात."

मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. तो इस्त्रीवाला आयुष्यात कालिदासच्या आत गेलेला नाही, त्याने काल मला तिकीट कुठे मिळतं विचारलं. हे टीव्हीमुळेच. समोरच्या आजींनाही यायचंय. म्हणजे कधी नव्हे ते आपल्या गल्लीतली माणसं नाटकाला येणार, आणि नेमकं त्याच प्रयोगात त्यांना आपण पुन्हा टीव्हीच दाखवणार? तो घरी फुकट दिसतो की. मला वाटतं, परात त्यांच्यासाठीच ठेवायला हवी. अंधारात बसल्याशिवाय ती रेघ दिसत नाही, आणि ती एकदा पाहिली की पुढच्या वेळी कुणी "अवॉर्ड कशाचं" विचारणार नाही.

हे एकट्या आपल्याच वाट्याला आलंय असंही नाही. न्यूयॉर्कच्या नाटकांसाठीच्या टोनी पुरस्कारांतही प्रकाश आणि नेपथ्याचे पुरस्कार मुख्य प्रक्षेपणाच्या आधीच देऊन टाकतात. ऑस्करवाल्यांनी २०२२ मध्ये संकलन, ध्वनी असे आठ पुरस्कार आधी उरकून मग कापून दाखवले, केवढी ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी सगळे परत थेट दाखवावे लागले. ओरड करणारे त्याच क्षेत्रातले होते म्हणून ऐकलं गेलं. आपल्याकडे कोण ओरडणार? नेपथ्यवाल्याला पुढचं काम हवं असतं, प्रकाशवाल्यालाही.

मला राहून राहून कॉलेजचं गॅदरिंग आठवतं. मिठाच्या पाण्याचा डिमर! पाण्यात पत्रा खाली सोडला की दिवा चढायचा, वर ओढला की उतरायचा, आणि अण्णा ओरडायचे, "मीठ कमी टाका, खिचडी नाही करायची." तुला शॉक बसला तेव्हा दिन्याने आधी पत्रा वर ओढला आणि मग तुला, कारण संवाद चालू होता. त्यावरून तू महिनाभर त्याच्याशी बोलला नव्हतास. आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळचा तो ब्लॅकआउट तू लांबवला होतास, हे मी आजही म्हणतो. नायिका अंधारात खुर्चीवर आदळली ती त्यामुळेच. तू काहीही म्हण.

अण्णा प्रकाशयोजनाकार तापस सेनांची गोष्ट सांगायचे ती आठवते? कलकत्त्याला उत्पल दत्तांच्या 'अंगार'मध्ये कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं, मजूर बुडतात, आणि रंगमंचावर ते पाणी निव्वळ प्रकाशाने चढवलं होतं. १९५९ सालची गोष्ट. दिन्याच्या डोक्यात परात तिथूनच आली. तो सांगत नाही, पण मला ठाऊक आहे. अण्णांनी ती गोष्ट सांगितली त्या रात्री घरी जाताना अशोकस्तंभापाशी सायकल थांबवून तो म्हणाला होता, "आपण गंगेचा पूर करू." मधे किती वर्षं गेली बघ. नोकरी, लग्न, वडिलांचं आजारपण. शेवटी केला त्याने पूर. आणि आता काही लोकांना मोबाइलवर दिसला नाही म्हणून तो स्वतःच ओसरवायला निघालाय.

मी समजावायला गेलो तर मला म्हणाला, "तू लेखक आहेस, तुझे शब्द टीव्हीवर ऐकू येतात." त्यावर काय बोलणार? हे तूच बोलायला हवंस. डिमरवर तू आणि तो बसलेले आहात, मी कायम पडद्यापलीकडे. तुझं तो ऐकतो. त्याला फक्त एवढं विचार की पडद्यावरच्या नदीपुढे म्हातारा पायरी मागे का घेईल. त्याने उत्तर दिलं तर मी गप्प बसतो. आणि अण्णांना त्याने "दिसली" सांगितलंय ते मला सलतंय. कालिदासला अण्णा येणार आहेत, पहिल्या रांगेत बसवायचंय त्यांना. जवळून बऱ्यापैकी दिसतं अजून.

तुझं काय? ऋतूची बारावी कशी गेली? काकूंच्या गुडघ्याचं ठरलं का? बदलीचं बोलला होतास, ते पुढे सरकलं की नाही? ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीनंतर कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल तू जे पत्र लिहिलं होतंस ते मी दिन्याला वाचून दाखवलं होतं, तो उठून गॅलरीत गेला होता. तिकडचं सगळं सविस्तर लिही, फोनवर नको.

प्रयोग शनिवारी रात्री आहे, तारीख पक्की झाली की कळवतो. रजा टाकून ठेव. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघालास तर सकाळी ठक्कर बाजार बसस्थानकावर उतरशील, मी न्यायला येतो. दुपारी प्रकाशाची तालीम आहे, त्याआधी दिन्याला गाठायला हवं. दिवे एकदा बांधून झाले की तो कुणाचं ऐकत नाही. फोन मात्र त्याला आजच कर, भाड्याची आगाऊ रक्कम गुरुवारी द्यायची आहे.

तुझा,
अव्या