क्लबमधल्या शूटआधी: फ्लॅश, कार्ड आणि लेझर

सभासदांनो, नाइटक्लबच्या कार्यक्रमात बहुतेक वेळा आधी दगा देतो तो फ्लॅश. सलग फुल पॉवरवर मारला की तापतो आणि बंद पडतो. तेव्हा हातावर हात धरून बसू नका. एफ १.८ची प्राइम लेन्स (झूम नसलेली, भरपूर उजेड आत घेणारी), शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० करून स्टेजच्या उजेडावर काम चालू ठेवा. फोटोत दाणे येतील, येऊ द्यात.

जादा सेल आणि दुसरी कॅमेरा बॉडी अंगावरच्या बॅगेत हवी, गाडीत नव्हे. मेमरी कार्डने एरर दाखवली तर फॉरमॅट न करता (म्हणजे पुसून कोरं न करता) ते लगेच बाजूला काढा.

आणि कळकळीची विनंती: लेझरचा झोत थेट लेन्समध्ये घेऊ नका. क्षणात सेन्सर (कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चिप) जळू शकतो, आणि तो डाग पुसून जात नाही.