नॉनस्टिक तवा कालथ्याने नव्हे, आचेने जातो

माननीय संपादक,

सणासुदीचे दिवस आले की वर्तमानपत्रांत नॉनस्टिक तव्यांच्या आणि फ्राय पॅनच्या जाहिराती झळकू लागतात. त्याच सुमारास घरोघरी जुन्या तव्याची तक्रारही ऐकू येते, ‘वर्षभरात कोटिंग गेलं.’ दोष बहुतेक वेळा स्टीलच्या कालथ्याला दिला जातो, नाहीतर भांडी घासणाऱ्या मावशींना. भांड्यांच्या धंद्यात असलेल्यांसमोर असे तवे रोज येतात आणि त्यांच्यावरच्या खुणा वेगळेच सांगतात.

दोन वर्षे रोज वापरलेला तवा खिडकीपाशी उजेडात तिरका धरून पाहा. मधोमध थोडी चकाकी उरलेली असते, कडेचा काळा रंग शाबूत असतो आणि या दोहोंच्या मध्ये एक निस्तेज, तपकिरी कडे दिसते. फूटपट्टीने मोजले तर ते कडे शेगडीच्या ज्वालेच्या वर्तुळाएवढे भरते. कालथ्याचे ओरखडे आडवेतिडवे असतात, एका वर्तुळात बसत नाहीत. ते कडे आचेने उमटवलेले असते, आणि धिरडे पहिल्यांदा चिकटते तेही तिथेच.

याचे कारण कोटिंगच्या घडणीत आहे. नॉनस्टिक थर बहुतेक ठिकाणी पीटीएफई या निसरड्या प्लास्टिकचा असतो. टेफ्लॉन हे त्याचेच व्यापारी नाव. अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना तो 1938 साली प्रयोगशाळेत अचानक सापडला. ज्याला काहीच चिकटत नाही तो पदार्थ स्वतः ॲल्युमिनियमला कसा चिकटवायचा, हे कोडे 1954 च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्क ग्रेगोआर यांनी सोडवले. त्यांनी धातूचा पृष्ठभाग आधी खरखरीत केला, म्हणजे थर त्या खाचांमध्ये रुतून बसतो. आजही तत्त्व तेच आहे. आधी पृष्ठभाग खरखरीत करायचा, मग पकड धरणारा खालचा थर, त्यावर एक किंवा दोन थर, आणि सगळे चारशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजायचे. सगळे थर मिळून जाडी साधारण 25 ते 40 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्मी. ‘पाच थर’, ‘सात थर’ या शब्दांनी ग्राहकाने भारावून जाऊ नये. थर किती यापेक्षा मिळून जाडी किती आणि खालची पकड कशी, यावर टिकणे अवलंबून असते.

पीटीएफई 260 अंश सेल्सिअसपर्यंत निर्धास्त चालतो, 327 अंशांना वितळतो, आणि 350 च्या पुढे विघटित होऊ लागतो व विषारी वाफा सोडतो. पातळ तवा रिकामा ठेवून गॅस मोठा केला तर दोन-चार मिनिटांत 260 ची रेषा ओलांडली जाते. आपल्याकडे कल्हईची भांडी वापरणाऱ्या पिढीला हे वेगळे सांगावे लागत नव्हते. कल्हई म्हणजे कथील, आणि ते 232 अंशांना वितळते. म्हणून पितळी पातेले रिकामे चुलीवर ठेवायचे नाही, हा घरातला अलिखित नियम होता. नॉनस्टिकला तोच नियम लागू आहे, फक्त तो आपण पितळेबरोबरच सोडून दिला. फरक एवढाच की कल्हई उडाली तर कल्हईवाला दारात येऊन तासाभरात नवी करून देई. नॉनस्टिक थर पुन्हा चढवायचा तर जुना थर वाळूच्या माऱ्याने पूर्ण खरवडून काढावा लागतो आणि भट्टीही लागते. घरगुती तव्यासाठी तो खर्च परवडत नाही.

आता रोजच्या वापराकडे येऊ. मराठी घरात नॉनस्टिक तवा सर्वांत लवकर मारते ती पोळी. घावन, आंबोळी किंवा ऑम्लेट करताना पिठातले आणि अंड्यातले पाणी तव्याची उष्णता सतत शोषून घेते. पोळीत पाणी कमी, आच मोठी, आणि लाटणारी व भाजणारी व्यक्ती एकच असेल तर पुढची पोळी लाटून होईपर्यंत तवा रिकामाच तापत राहतो. पंधरा पोळ्या आणि प्रत्येकीमागे चाळीस सेकंद धरले तर रोज दहा मिनिटे झाली, म्हणजे वर्षाला साठ तास कोरडी, मोठी आच. असा तवा वर्ष-दीड वर्षात निकामी होतो यात नवल नाही. तोच तवा फक्त धिरडी, घावन, थालीपीठ आणि अंडी यांच्यासाठी मध्यम आचेवर वापरला तर चार-पाच वर्षे सहज जातो. पोळ्यांना आणि भाकरीला लोखंडी किंवा बिडाचा तवाच ठेवावा. तो जितका तापेल आणि वापरला जाईल तितका सुधारतो. घरात एकच तवा परवडत असेल तर तो नॉनस्टिक नसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तापवण्याची रीत अशी: थंड तव्यावर अर्धा चमचा तेल पसरायचे, गॅस मध्यम ठेवायचा, जाड तव्याला दोन मिनिटे आणि पातळ तव्याला एक मिनिट द्यायचे, मग पिठाचा एक थेंब टाकून पाहायचा. तो चुरचुरला की तवा तयार. तेलातून धूर निघू लागला तर आच जास्त झाली, गॅस बंद करावा. पाणी शिंपडून ताप बघायची सवय इथे कामाची नाही, कारण या पृष्ठभागावर पाण्याचे थेंब तसेही गोळा होऊन घरंगळतात. ज्वाला तव्याच्या बुडाबाहेर येऊन कडांना चाटत असेल तर बर्नर लहान घ्यावा. लहान फ्राय पॅन मोठ्या बर्नरवर ठेवले की उभ्या कडा करपतात, कारण तिथे अन्न नसते.

डोसा घालण्याआधी तव्यावर गार पाण्याचा हबका मारायची पद्धत आपण हॉटेलातून उचलली. तिथला तवा म्हणजे लोखंडाची जाडजूड प्लेट असते, तिला ते मानवते. ॲल्युमिनियम तापल्यावर खूप पसरते. 28 सेंटिमीटरचा तवा खोलीच्या तापमानावरून 200 अंशांवर गेला की व्यासात एक मिलिमीटरहून जास्त वाढतो, आणि वरचा पीटीएफईचा थर तर ॲल्युमिनियमच्या काही पटींनी पसरतो. त्यावर एकदम गार पाणी पडले की धातू आणि थर वेगवेगळ्या वेगाने आकसतात. आधी डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, पुढे बूड फुगते, तवा ओट्यावर डुगडुगतो आणि तेल एका बाजूला वाहत जाते. दोन डोशांच्या मध्ये आच अर्ध्या मिनिटासाठी बारीक करावी आणि अर्ध्या कांद्याने तेल पुसून घ्यावे, एवढे पुरते. गरम तवा नळाखाली धरणे हाही तोच गुन्हा. इंडक्शनवर तर बूड फार झपाट्याने तापते, म्हणून सुरुवात 800 ते 1000 वॉटवर करावी.

‘कोटिंग गेलं’ म्हणून टाकून दिलेल्या तव्यांपैकी बऱ्याच तव्यांचे कोटिंग गेलेलेच नसते. तेलाचा पातळ थर पुन्हा पुन्हा तापून घट्ट होतो, त्याचा पिवळसर तपकिरी, बोटाला चिकट लागणारा पापुद्रा कोटिंगवर बसतो, आणि डोसा त्याला चिकटतो. स्प्रेच्या डब्यातले तेल मारणाऱ्यांकडे हे लवकर होते, कारण त्यात मिसळलेला लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ जळून बसतो. उपाय सोपा आहे. तव्यात किंवा पॅनमध्ये दोन कप पाणी आणि एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर दहा मिनिटे उकळू द्यावे, पूर्ण निवू द्यावे, मग मऊ स्पंजने पुसावे. एकदा पुरले नाही तर पुन्हा करावे. तवा सपाट असेल तर त्याच पाण्यात भिजवलेले फडके पसरून तासभर ठेवावे. धुण्याचा सोडा मात्र कदापि वापरू नये, तो ॲल्युमिनियम खातो. सफाईनंतर पिठाचा थेंब सुटून आला तर कोटिंग जिवंत आहे. बोट फिरवल्यावर खडबडीत लागत असेल, चंदेरी धातू दिसत असेल किंवा फोड आले असतील, तर मात्र तव्याचे दिवस भरले.

फोड येतात ते मिठाने आणि आंबटाने. थराला सूक्ष्म छिद्रे असतातच. चिंचेची आमटी, टोमॅटोची भाजी किंवा कोकम-मीठ लावलेले मासे रात्रभर पॅनमध्ये राहिले की खारट, आंबट पाणी छिद्रांतून ॲल्युमिनियमपर्यंत पोहोचते, तिथे धातू गंजतो आणि थर आतून उचलला जातो. कोकणात आणि गोव्यात मासे तळण्यासाठी पॅन रोज लागते, तिथे ही खूण हमखास दिसते. तळून झाले की मासे ताटात काढावेत आणि पॅन निवल्यावर धुऊन ठेवावे. दांड्याचे रिव्हेट आत उघडे असतील तर सुरुवात तिथूनच होते, कारण त्यांच्या भोवती मीठ साचते.

घासणीबद्दल थोडक्यात. हिरव्या घासणीत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, ते या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. तारेची घासणी आणि राख तर नकोच. एकच घासणी दिली तर मावशी त्याच घासणीने कुकरही घासणार आणि तवाही. त्यांना वेगळा मऊ स्पंज आणून देणे हे घरच्यांचे काम आहे. सांडशीने काठ धरला की काठाचा टवका उडतो. ऑम्लेटचे तुकडे पॅनमध्येच कालथ्याच्या धारेने पाडले की खरे ओरखडे पडतात. लाकडी किंवा सिलिकॉनचा कालथा वापरावा. एकावर एक पॅन ठेवताना मध्ये जुन्या सुती कापडाचा तुकडा घालावा.

तब्येतीची भीती नेमकी कशाची बाळगायची तेही सांगायला हवे. पोटात गेलेला पीटीएफईचा कण पचत नाही, तसाच बाहेर पडतो. धोका आहे तो करपलेल्या रिकाम्या तव्याच्या वाफेचा. तिने माणसाला तापासारखी कणकण येऊ शकते आणि पिंजऱ्यातले लव्हबर्ड तर मरतात. पक्षी पाळणाऱ्यांनी पिंजरा स्वयंपाकघरात ठेवूच नये. ‘पीएफओए-मुक्त’ हे लेबल वेगळ्या रसायनाबद्दल आहे. ते पूर्वी कोटिंग बनवताना वापरत आणि 2019 मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात त्यावर बंदीचा निर्णय झाला. त्या लेबलचा टिकाऊपणाशी काहीही संबंध नाही.

‘ग्रॅनाइट’, ‘मार्बल’, ‘स्टोन’ या नावांखाली बहुतेक वेळा ठिपके मारलेले पीटीएफईच असते. सिरॅमिक कोटिंग खरोखर वेगळे आहे, ते सिलिकापासून बनते आणि जास्त ताप सोसते. पण त्याचा निसरडेपणा पीटीएफईपेक्षा लवकर जातो, रोजच्या वापरात अनेकदा वर्षाच्या आत. विकताना हे कोणी सांगत नाही.

घेताना एक कसोटी कोणालाही करता येते, ती म्हणजे वजनाची. 28 सेंटिमीटरचा सपाट तवा 4 मिलिमीटर जाडीचा असेल तर दांडा सोडून सुमारे 660 ग्रॅम भरतो आणि 2 मिलिमीटरचा असेल तर 330 च्या आसपास. दोन्ही तवे दुकानात शेजारी शेजारी, एकाच रंगात मांडलेले असतात. जाड तव्यात उष्णता पसरते, म्हणून ज्वालेच्या जागी ते कडे उशिरा उमटते. दुसरी खूण काठाची. काठावर उघड्या ॲल्युमिनियमची रेघ दिसली तर आधी पत्र्याला रोलरने कोटिंग देऊन मग तो दाबून घडवला आहे असे समजावे. घडवून झाल्यावर फवारलेले कोटिंग काठावरूनही वळलेले असते आणि सहसा जास्त टिकते.

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचे करण्याचा आदेश काढला. त्यासाठीच्या आयएस 1660 या मानकात नॉनस्टिक भांडीही येतात. हे पाऊल योग्यच आहे, ग्राहकाने खरेदीच्या वेळी ते चिन्ह मागून पाहावे. पण खोक्यावर किंमत, निर्मात्याचे नाव आणि महिना छापलेला असतो, आणि ज्यावर तव्याचे आयुष्य ठरते ते बऱ्याचदा सापडत नाही. बुडाची जाडी मिलिमीटरमध्ये, कोटिंग पीटीएफईचे की सिरॅमिकचे, आणि कमाल तापमान अंशांत, या तीन गोष्टी ठळक मराठीत छापणे बंधनकारक करावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. हमीपत्रात कोटिंगची झीज वगळलेली असेल तर तेही आतल्या बारीक अक्षरांत नव्हे, खोक्यावर लिहावे. आणि हे होईपर्यंत दुकानदारांनी एक करावे: नॉनस्टिकच्या मांडणीशेजारी एक वजनकाटा ठेवावा आणि ग्राहकाला तवा त्यावर ठेवू द्यावा.

आपले,
भांड्यांच्या व्यवसायातील वाचक